उसाला जाणाऱ्यांच्या गोळ्या

आमच्या आरोग्य केंद्रात एक आरोग्य सेवक होते, ते लोकांच्या घरी जाऊन कालवणातलं मीठ चाखून बघायचे. ज्या घरात बीपीचा पेशंट असेल तिथे बरोबर जेवणाच्या वेळेला पोचायचे, दारात उभे राहून तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, जरा कालवण टाका. घरातली बाई पळीतला थोडा रस्सा हातावर टाकायची. ते चाटायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि खिशातली वही काढून त्या घरापुढे लिहायचे, 'मीठ लई'. जेवायला बसा म्हटलं तर कधी बसले नाहीत. सुनांना त्यांचा फार राग यायचा. एक सून तर माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. सासूने आजवर माझ्या हाताला नाव ठेवलं नाही आणि हा सरकारी माणूस ठेवतो, असं तिचं म्हणणं होतं.

सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. मी तेव्हा नवीन होते. पुण्यात शिकले आणि पहिली सरकारी नेमणूक मिळाली ती शेवगाव तालुक्याच्या कोरड्या बाजूला. चाचांच्या नोकरीची दोन-तीन वर्षं उरली होती. उंच, काटकुळे, मान पुढे काढून चालणारे. नेहमी कुणाच्या तरी ठेंगण्या दारातून आत शिरत असल्यासारखे दिसायचे. केंद्रात त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर ते पिशवी ठेवायचे.

त्यांची उमेदीची वर्षं मलेरियाच्या कामात गेली होती. ठरल्या दिवशी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर गेरूने तारीख टाकायची आणि पुढच्या घरी जायचं. मलेरिया कमी झाला, चाचांचं फिरणं मात्र थांबलं नाही. मी रुजू झाले तेव्हा ते त्याच वाटांनी बीपी आणि शुगरच्या लोकांकडे जात होते. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "तापाचा मानूस आपल्याला हाक मारतो, मॅडम. बीपीचा मारत न्हाई. त्याला काय हुतच नसतं. मग आपुनच जावं लागतं."

मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण माझं सगळं शिक्षण दुखणं घेऊन समोर आलेल्या माणसावर झालं होतं. ज्याला काही दुखत नाही त्याला रोज एक गोळी आयुष्यभर घ्यायला कसं लावायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लोक महिनाभर गोळी घ्यायचे आणि बरं वाटलं की सोडून द्यायचे. चाचांचं त्यावर एकच उत्तर असायचं, बरं वाटतंय तवरच खायाची असती. हे ते इतक्यांदा बोलले होते की बाया धुणं धुताना त्यांची नक्कल करायच्या.

बीपी मोजण्याआधी ते माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचे. पाठ टेकून, पाय जमिनीला, हात मोकळा, तोंड बंद. स्वतः शेजारी घड्याळ बघत उभे राहायचे. मधे कुणी बोललं की पाच मिनिटं पुन्हा सुरू. एका गावच्या सरपंचांचा मोबाईल सारखा वाजत होता आणि ते प्रत्येक फोन घेत होते. चाचा दर वेळी शांतपणे म्हणायचे, पुन्यांदा पाच मिनिटं. मागे रांग वाढत गेली, सरपंच चिडले, मी मधे पडायला निघाले. चाचांनी मला हातानेच थांबवलं. शेवटी सरपंचांनी फोन बंद करून बायकोच्या हातात दिला आणि लहान मुलासारखे गप्प बसले. नंतर मला म्हणाले, कित्येक वर्षांत असा बसलो नव्हतो.

रिकामं पाकीट परत आणल्याशिवाय चाचा नवीन गोळ्या देत नसत. एक म्हातारे बाबा गोळ्या बांधावर फेकून द्यायचे आणि नुसतं पाकीट आणून दाखवायचे. चाचांनी ते पाकीट उजेडात धरलं आणि विचारलं, बाबा, सगळ्या एकाच दिवशी काढल्या का. रोज एक गोळी काढलेलं पाकीट महिनाभर खिशात, उशाखाली राहतं, दुमडतं, मळतं. बाबांचं पाकीट नव्यासारखं ताठ होतं. पुढच्या महिन्यात बाबांनी आणलेलं पाकीट चांगलं मळकं होतं. मला वाटलं, आता मळवूनच आणलंय. पण चाचांनी बीपी मोजलं आणि ते खरोखर उतरलेलं होतं.

मी रुजू झाल्यानंतर वर्षभरात वरून बदल सुरू झाले. ते बदल चांगले होते, हे इथे लिहायलाच हवं. बाळंतपणं आणि लसीकरणापलीकडे न बघणारी आमची उपकेंद्रं आता तिशीवरच्या प्रत्येक माणसाचं बीपी आणि शुगर तपासणार होती. भिंतींना नवा रंग लागला, नवी पाटी आली, कामाला नवीन शिकलेली माणसं आली आणि सगळ्यांच्या हातात टॅब आले. मी झपाटल्यासारखी कामाला लागले. तपासणीत आमचं केंद्र तालुक्यात पहिलं आलं. शेवगावला सत्कार झाला. परत येताना जीपमध्ये चाचा मागे बसले होते. मागूनच म्हणाले, "मोजलं किती, ते इचारत्यात. उतरलं किती, ते कुनीच इचारलं न्हाई." मला त्यांचा राग आला. सत्काराचा नारळ अजून माझ्या मांडीवर होता.

आमच्या भागातली पुष्कळ घरं दसरा झाला की ऊस तोडायला निघतात. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, शेळ्या आणि सगळं घर चढतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांचं मिळून एक काम. कुणी प्रवरेच्या काठाला कोल्हारच्या बाजूला जातं, कुणी खाली सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. पाडव्याच्या आगेमागे परत येतात. तोवर त्यांच्या घरांना कुलूप. आणि आम्ही बीपीच्या गोळ्या देत होतो तीस दिवसांच्या, त्याही पेशंट समोर आला तरच. नियमच तसा होता.

चाचांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. त्यांच्या बायकोने, म्हणजे चाचीने, जुन्या कापडाच्या लांब पट्ट्या शिवल्या होत्या. प्रत्येक पट्टीला एकाखाली एक पाच खिसे, पहिल्या खिशाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा पाचव्याला पाच. वाचता न येणाऱ्यालाही महिना कळावा म्हणून. दसऱ्याच्या आठवड्यात चाचा जाणाऱ्या प्रत्येक पेशंटचं बीपी मोजायचे, खिशाखिशात महिन्याच्या गोळ्या भरायचे आणि कोपीच्या, म्हणजे तिथल्या उसाच्या पाचटाच्या झोपडीच्या, खांबाला पट्टी कशी अडकवायची ते दाखवायचे. मग पुढचे पाच महिने रजिस्टरमध्ये त्या माणसापुढे 'गोळ्या दिल्या' असं लिहायचे. बीपीच्या आकड्याचा रकाना मात्र मोकळा सोडायचे. माझ्या आधीच्या डॉक्टरांना हे माहीत होतं आणि त्यांनी तिकडे बघितलं नव्हतं.

मला ते टॅबमुळे कळलं. टॅब रकाना मोकळा सोडू देत नाही. आकडा घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. थंडीचे दिवस होते. चाचा टॅब घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, हे आकडा मागतंय. मानूस तर तिकडं उसात हाय. काय लिहू?"

मी विचारत गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पट्ट्या, पाच महिने, जुनं रजिस्टर. काहीही लपवलं नाही. मला आजही वाटतं, त्यांनी तिथे एकशेवीस आणि ऐंशी असे दोन आकडे टाकले असते तर मला आयुष्यात कळलं नसतं. असे आकडे टाकणारे मी पुढे खूप पाहिले. चाचांना न मोजलेला आकडा लिहिता आला नाही, म्हणून ते सापडले.

त्याच महिन्यात केंद्राची मोठी तपासणी व्हायची होती. नोकरीत मी अजून कायम झाले नव्हते. मी तालुक्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हे तुम्ही कागदावर घेतलं नाही आणि उद्या कुणाच्या लक्षात आलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. मी एक रात्र विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी तो केला नाही. दुपारीच खोट्या नोंदी आणि औषधांच्या बेकायदा वाटपाबद्दल चाचांना नोटीस काढली, प्रत वर पाठवली आणि औषधांचा ताबा त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांनी माझ्यासमोरच नोटीस वाचली, सही केली आणि विचारलं, उत्तर मराठीत लिहिलं तर चालेल ना.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. 'माणसे येथे नव्हती हे खरे आहे. गोळ्या त्यांच्यापाशी होत्या हेही खरे आहे.'

पुढच्या दसऱ्याला ते एकदाच माझ्या खोलीत आले. त्यांच्याकडे आता औषधं नव्हती. म्हणाले, "माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मॅडम. पन यंदाच्या गोळ्या थांबवू नका." मी म्हटलं, मी थांबवत नाहीये, रीतसर सोय करते आहे. मी खरंच सोय केली होती. प्रत्येक पेशंटला एक छापील चिठ्ठी, त्यावर नाव, आजार, गोळी, आणि खाली 'आपण असाल तेथील आरोग्य केंद्रात दाखवावी'. शिक्का, सही, सगळं. चाचांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, वाचल्या आणि म्हणाले, तिथं सुट्टी कुठं असती. मग त्या चिठ्ठ्या त्यांनीच घरोघर नेऊन दिल्या. मी सांगितलं होतं म्हणून.

कौसाबाई नावाची एक बाई होती, चाळिशीतली. चाचांच्या वहीत तिच्याइतकी नेमाने गोळी घेणारी दुसरी नव्हती. जायच्या आधी ती नवऱ्याला घेऊन केंद्रात आली आणि चाचांना म्हणाली, माझी पट्टी द्या. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी कशी वापरायची ते दोनदा समजावलं. तिने चिठ्ठी घडी करून पदराच्या गाठीत बांधली. गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "एवढ्याच?"

संक्रांत झाल्यावर काही दिवसांनी टोळीतले लोक तिला टेम्पोतून परत घेऊन आले. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड. नवऱ्याने सांगितलं ते असं. गोळ्या संपल्यावर ती एकदा चिठ्ठी घेऊन जवळच्या केंद्रात गेली होती. बीपीच्या गोळ्या ठरल्या वारीच मिळतात, त्या दिवशी या, असं तिला सांगितलं. तो वार कामाचा होता आणि एक माणूस नसलं की कोयता बंद पडतो. मग टोळीच दुसरीकडे हलली. तिला काही त्रासही होत नव्हता. एका सकाळी मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे जाताना ती खाली बसली आणि परत उठली नाही.

मी बीपीचं मशीन घेऊन तिच्या उजव्या हाताला पट्टा गुंडाळायला लागले. चाचा मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "डाव्या हाताला लावा, मॅडम. उजव्याला आता कळत न्हाई."

त्या दिवशी किंवा नंतरही, याविषयी ते मला एवढंच बोलले. मी वाट बघत होते की ते काही म्हणतील. रागावतील, निदान बोलणं तोडतील. ते दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आले आणि खुर्चीवर पिशवी ठेवून वाड्यावस्त्यांवर निघून गेले.

पाडव्याला लोक परत आले तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. एक पेशंट गोळ्या घ्यायला आला, त्याचं बीपी अगदी ताब्यात होतं. मी म्हटलं, चिठ्ठी कामाला आली म्हणायची. तो म्हणाला, "चिठ्ठी न्हाई. चाचा आल्ते की कोप्यांवर." चाचा त्या हंगामात रविवारी एसटीने उसाच्या पट्ट्यात जात होते. स्वतः विकत घेतलेल्या गोळ्या पिशवीत, बीपीचं मशीन खांद्याला. जेवढ्या टोळ्या सापडल्या तेवढ्यांना देऊन आले होते. कौसाबाईच्या टोळीचा पत्ताही त्यांनी काढला होता. ते पोचले तेव्हा तिथे नुसत्या चुली उरल्या होत्या. टोळी दोन दिवस आधी हलली होती.

मी नोटीस मागे घ्यायला गेले. मागे घेण्याचा अधिकार आता माझा नव्हता; प्रकरण वर गेलं होतं. मी पत्र लिहिलं, पण ते साधं पत्र होतं, जपून लिहिलेलं. 'सदर कर्मचाऱ्याचा हेतू चांगला होता असे दिसते.' त्यात मी चुकले असं कुठे नव्हतं. चाचा निवृत्त झाले तेव्हा चौकशी चालूच होती, म्हणून केंद्रात समारंभ नको असं वरून आलं. आम्ही चहा प्यायलो. त्यांनी पिशवी उचलली, तेव्हा ती खुर्ची मला पहिल्यांदा रिकामी दिसली.

पुढे माझी बदली नगरला झाली. जुनाट आजारांची औषधं प्राथमिक केंद्रांतून नीट कशी मिळावीत, यासाठी एक समिती नेमली होती आणि तिच्यात माझंही नाव होतं. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, स्थलांतर करणाऱ्यांना हंगामभराच्या गोळ्या एकदम द्याव्यात, निघण्याआधी मोजावं, परतल्यावर पुन्हा मोजावं, आणि किती लोकांना तपासलं यापेक्षा किती लोकांचं बीपी ताब्यात आलं ते विचारावं. सगळ्यांना ते पटलं. ही कल्पना कुठून सुचली असं कुणीतरी विचारलं. मी म्हणाले, त्या भागात काम केलं आहे ना. माझं वाक्य खोटं नव्हतं. चाचांचं नाव घेतलं असतं तर ती चौकशी निघाली असती आणि मग ती कुणी सुरू केली तेही निघालं असतं. हा विचार मी तेव्हा पूर्ण केला होता, हे मला आठवतं.

परिपत्रक निघालं त्या आठवड्यात मी ते घेऊन शेवगावला चाचांच्या घरी गेले. ते मुलीकडे राहत होते, बरेच थकले होते. मला बघून खूश झाले, मुलीला बोलावून म्हणाले, या आमच्या मॅडम. चष्मा लावून त्यांनी परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी उजेडात केलं. मी चोरून करत हुतो."

चाची दारात उभी होती. तिने विचारलं, त्या चौकशीच्या कागदाचं काय झालं. चाचांनी तिला हाताने गप्प केलं. मी म्हणाले, बघते. त्याच क्षणी मला म्हणता आलं असतं की ती चोरी नव्हती, कधीच नव्हती. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मुलगी चहा घेऊन आली, कपबश्या खाली ठेवायला सगळे जरा सरकले, आणि ते राहून गेलं. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसात चौकशी केली. माणूस निवृत्त झालाय, आता फाइल शोधून काय करायचं, असं तिथल्या क्लार्कने विचारलं. मी पुन्हा गेले नाही.

चाचा वारल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी तशीच शेवगावला गेले. बाहेर पुरुष बसले होते, आतल्या खोलीत बायका. शेजारपाजारच्या होत्या, आणि आमच्या गावांकडूनही जीप करून बऱ्याच जणी आल्या होत्या. भिंतीला टेकून कौसाबाई बसली होती, सुनेने तिला एका बाजूने धरलं होतं. मला जागा करून दिली. मुलीने बायकांना सांगितलं, या मोठ्या मॅडम, उसाला जाणाऱ्यांच्या गोळ्या यांनीच चालू केल्या.

मग मी बोलले. म्हटलं, "मी नाही चालू केल्या. चाचांनी केल्या. मी त्या बंद केल्या होत्या. आणि त्यांच्यावरचा कागद मीच काढला होता."

माझ्या शेजारच्या म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाली, "एवढ्या मोट्या जागंवर बसून गेलेल्या मानसाला मान देत्यात. आसं मन लागतं." मी पुन्हा सांगायला गेले, तर ती मला थोपटायला लागली. मयताच्या घरी माणसं असं बोलतात, तसंच त्यांनी ते धरलं होतं. सगळ्या बायका माना हलवत होत्या. भिंतीजवळ बसलेल्या कौसाबाईने हलवली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.